'सेट' म्हणजे नक्की काय काय? – वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नमस्कार ताई, मी घरून भाषांतराची छोटीमोठी कामं करते. परवा एका डिजिटल घड्याळाची माहितीपुस्तिका आली, जेमतेम आठ पानांची, पण त्यात 'सेट' हा शब्द एकवीस वेळा. मी आधी सगळीकडे 'स्थापित करा' लिहून मोकळी झाले आणि मग वाचून बघितलं तर 'गजर स्थापित करा', 'सेकंद शून्यावर स्थापित करा', 'घड्याळ सपाट जागेवर स्थापित करा'. मलाच वाचवेना. डिक्शनरी उघडली तर दोन पानं भरून अर्थ, त्यातला कुठला घ्यायचा? ह्या शब्दाला मराठीत एक नेमका शब्द नाहीच का?

उत्तर : नाही, आणि शोधत बसू नका, कारण तसा शब्द इंग्रजीतही नाहीये. तुमच्या डिक्शनरीनं दोन पानांत आवरतं घेतलंय खरं तर. ऑक्सफर्डची मोठी इंग्लिश डिक्शनरी आहे ना, तिच्या १९८९ च्या वीस खंडांच्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद ह्याच 'सेट' क्रियापदाची होती. नुसत्या क्रियापदाचे साधारण ४३० अर्थ, शिवाय 'सेट अप', 'सेट ऑफ' वगैरे जोडगोळ्यांचे वेगळे, आणि ते सगळं समजावून सांगायला सुमारे ६०,००० शब्द लागले. म्हणजे एका शब्दाच्या अर्थासाठी एक बऱ्यापैकी जाड कादंबरी. नंतर तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं तेव्हा आधी 'मेक', मग 'पुट' आणि २०११ मध्ये 'रन' पुढे गेला, त्या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. पण मला विचाराल तर भाषांतर करणाऱ्याला छळतो तो 'सेट'च, कारण 'रन'च्या मागे निदान काहीतरी हलतंय, वाहतंय, चालू आहे असं चित्र तरी डोळ्यासमोर येतं, 'सेट'मध्ये तेही पटकन दिसत नाही.

आता तुमच्या पुस्तिकेकडे येऊ. 'सेट' दिसला की डिक्शनरी उघडायच्या आधी एकच विचारायचं, काय सेट करायचंय? गजर असेल तर गजर लावा. वेळ असेल तर वेळ जुळवा किंवा लावा, दोन्ही चालतं, मी 'जुळवा' घेईन कारण दुसऱ्या घड्याळाशी ताडून बघणं त्यात येतं. सेकंद शून्यावर आणा. घड्याळ सपाट जागेवर ठेवा. १२ तास की २४ तास, ह्यातली पद्धत निवडा. तारीख टाका. कंपनीतून येतानाच जे 'सेट' करून आलंय ते आधीच ठरवलेलं. आणि ज्या बटणावरच 'सेट' असं छापलंय तिथे मात्र 'सेट' हेच लिहा, कारण वाचणारा ते बटण बोटानं शोधणार आहे, त्याला तिथं 'जुळवा' असं बटण सापडणार नाही. बघा, आठ ठिकाणी सात वेगळी क्रियापदं आणि एकदा मूळ शब्द, आणि सगळं वाचायला सरळ.

'स्थापित करा' हा शब्द चुकीचा नाही पण तो घड्याळाच्या गजराला अंगापेक्षा बोंगा मोठा असा होतो. आपण बोलताना कधीच असं बोलत नाही. मोबाइल हातात देऊन कुणाला सांगताना तुम्ही 'अगं सहाचा गजर लाव' असंच म्हणाल ना, मग लिहितानाही तेच लिहायचं.

अजून एक, आणि हे मी जरा ठासून सांगते कारण ही चूक मी स्वतः केली होती. एका बांधकामाच्या मजकुरात 'अलाव द सिमेंट टु सेट' असं होतं आणि मी लिहिलं 'सिमेंट सुकू द्या'. तपासणाऱ्या इंजिनिअरनं तिथं लाल रेघ मारून मला फोन केला. म्हणाला, सिमेंट सुकल्यानं घट्ट होत नाही, पाण्याबरोबर रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं, उलट त्याला नंतर कित्येक दिवस पाणी मारून ओलं ठेवावं लागतं, तुम्ही 'सुकू द्या' लिहिलंत तर वाचणारा पाणी मारायचं थांबवेल आणि भेगा पडतील. तेव्हापासून हा 'सेट' आला की मी थांबते. इंग्रजी एका 'सेट'मध्ये सगळं गुंडाळून टाकतं, मराठीला मात्र पदार्थ कसा घट्ट झाला ह्याची फार बारीक जाण आहे. गारठ्यानं होतं ते थिजतं किंवा गोठतं, उकळून दाट होतं ते आळतं, ओल गेल्यावर कडक होतं ते सुकतं किंवा वाळतं, आणि सिमेंट, प्लास्टर घट्ट होतं. म्हणजे 'सेट'चं मराठी करायला तुम्हाला आधी त्या पदार्थाचं काय होतंय ते माहीत पाहिजे, निव्वळ शब्द माहीत असून भागत नाही.

आणि मराठीत असा शब्द नाही म्हणून वाईटही वाटून घेऊ नका. आपल्याकडे 'लावणे' आहे की! दार लावणे म्हणजे बंद करणे आणि दिवा लावणे म्हणजे चालू करणे, एकाच शब्दानं. झाड लावतो, कुलूप लावतो, रांग लावतो, पैज लावतो, जीव लावतो, वळण लावतो, अर्थ लावतो, वेळ लावतो, कामाला लावतो, नादाला लावतो. एखादा परदेशी माणूस मराठी शिकताना तुमच्यासारखंच पत्र लिहीत असेल की 'लावणे'ला इंग्रजीत एक नेमका शब्द नाहीच का. गंमत म्हणजे ह्या दोन शब्दांचा बराच भाग एकमेकांवर बसतो. गजर, सापळा, आग, कवितेला चाल, ह्या चारही ठिकाणी तिकडे 'सेट' आणि इकडे 'लावणे'. पण सगळीकडे नाही, प्रश्नपत्रिका आपण काढतो, विक्रम करतो किंवा नोंदवतो, पायंडा पाडतो, अट घालतो, आदर्श घालून देतो, आणि तिकडे ह्या सगळ्यांना 'सेट'च.

प्रश्न : ताई, इंग्रजीत सूर्य 'सेट' होतो, सिमेंट 'सेट' होतं, मोडलेलं हाडही 'सेट' करतात. ह्या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध? की योगायोगानं सारखे दिसणारे तीन शब्द आहेत?

उत्तर : मला सगळ्यात आवडलेला प्रश्न हा. शब्द एकच आहे, आणि त्याचा उलगडा तुमच्या तिसऱ्या उदाहरणात आहे. मोडलेल्या हाडाचं आपण काय करतो? हाड बसवतो. अंगठीत खडा? तोही बसवतो, इंग्रजीत त्यालाही 'सेट'च म्हणतात आणि कोंदणाला 'सेटिंग'.

'सेट' म्हणजे मुळात बसवणे. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे बसायला लावणे, अशी ही जोडी जुन्या इंग्रजीपासून आहे, त्यांच्याही आधीच्या जर्मानिक भाषांतून आलेली. अशा जोड्या इंग्रजीत थोड्याच उरल्यात, 'लाय' म्हणजे आडवं होणं आणि 'ले' म्हणजे आडवं ठेवणं, 'फॉल' म्हणजे पडणं आणि 'फेल' म्हणजे झाड पाडणं. हे वाचल्यावर मराठी माणसाला लगेच ओळखीचं वाटतं, कारण आपल्याकडे हे रोजचंच आहे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे, बसणे-बसवणे. आतला स्वर बदलला की होणाऱ्या क्रियेची करवून घेतलेली क्रिया होते, किंवा 'व' जोडला की.

मग सूर्याचं काय? दिवसभर वर चढलेला सूर्य खाली जाऊन बसतो, असं ते चित्र. इथे 'सेट' बसवण्याच्या नाही तर बसण्याच्या अर्थानं आलाय, ही सरमिसळ इंग्रजीत खूप जुनी आहे. आणि सिमेंट? ते सैल, वाहतं होतं ते आता जागच्या जागी बसलं, हलत नाही. आपण नाही का म्हणत, धूळ बसली, गाळ खाली बसला, घडी नीट बसली, हिशोब बसला, हाताला सवय बसली, विश्वास बसला. तुम्ही मराठीतल्या ह्या सगळ्या 'बसण्यां'कडे एकदा सावकाश बघा, इंग्रजी 'सेट' आणि त्याचं चुलत भावंड 'सेटल' दोन्ही त्यात अर्धेअधिक सापडतात. 'सेटल'सुद्धा बसायच्या जागेवरूनच आलाय.

आता ह्याच्याही मागे जाऊ, कारण पुढचं फारच सुंदर आहे. 'सिट', 'सेट', 'सीट', घोड्याचं खोगीर म्हणजे 'सॅडल', हे सगळे ज्या मूळ धातूतून आले तोच संस्कृतात 'सद्' म्हणून आहे. सदन म्हणजे बसायची जागा, परिषद म्हणजे भोवताली बसणं, संसद म्हणजे एकत्र बसणं, उपनिषद म्हणजे जवळ बसणं. आणि संस्कृतात घरट्याला 'नीड' म्हणतात ना, तो शब्द आणि इंग्रजी 'नेस्ट' एकाच मूळ शब्दाची दोन रूपं आहेत, अर्थ, पक्षी जिथे खाली बसतो ती जागा. हजारो वर्षं आणि हजारो मैल मध्ये गेले, आवाज इतके बदलले की कानाला पत्ता लागत नाही, आणि तरी घरटं ते घरटंच राहिलं.

एक सांगून ठेवते, आपला 'बसणे' मात्र ह्या 'सद्'मधून आलेला नाही. तो 'उपविश्'मधून, जुन्या मराठीत 'बैसणे' होता तो घासून 'बसणे' झाला. म्हणजे 'सेट' आणि 'बसवणे' रक्ताचे नातेवाईक नाहीत, दोघं वेगवेगळ्या घरातून निघून एकाच जागी येऊन पोचलेत. मला हे रक्ताच्या नात्यापेक्षाही जास्त भारी वाटतं.

प्रश्न : गणितातला 'सेट' म्हणजे संच, टेनिसचाही सेट, स्क्रूड्रायव्हरचाही सेट. हेसुद्धा 'बसवणे'च का? मला तरी जोडता येत नाही.

उत्तर : जोडता येत नाही ते बरोबरच आहे. नाम म्हणून येणारा हा 'समूह' अर्थाचा 'सेट' बऱ्याच अंशी दुसऱ्याच घरचा. जुन्या फ्रेंचमधला 'सेत', त्याच्यामागे लॅटिन 'सेक्ता', म्हणजे कुणाच्या तरी मागून जाणारी मंडळी, अनुयायी. 'सेक्ट' म्हणजे पंथ हा शब्दही तिथलाच. इंग्रजीत आल्यावर हा आणि आधीचा 'बसवलेला' असे दोघं दिसायला-ऐकायला सारखे झाले आणि एकमेकांत मिसळून गेले, आता वेगळे काढणं अवघड.

रोजच्या बोलण्यातला सेट म्हणजे एकमेकांना शोभणाऱ्या, एकत्र असल्या तरच पुऱ्या होणाऱ्या वस्तू. सहा स्क्रूड्रायव्हरमधला एक हरवला की आपण म्हणतो सेट मोडला. गणितातल्या संचाला असं काही वाटत नाही. त्यात ७ हा आकडा, एक त्रिकोण आणि अख्खी बाराखडी एकत्र घातली तरी तो संचच, क्रम बदलला तरी तोच, एकच घटक दोनदा लिहिला तरी एकदाच धरायचा, आणि काहीच नसलं तरी रिक्त संच. हा विचार जर्मन गणितज्ञ गेऑर्ग कॅन्टर ह्यांचा, त्यांचा पहिला महत्त्वाचा लेख १८७४ चा, आणि त्यांनी जर्मनमध्ये जो शब्द रूढ केला तो 'मेंगं', म्हणजे नुसता ढीग, पुष्कळ काहीतरी. इंग्रजीनं त्याला 'सेट' केलं आणि आपण 'संच'. मला वाटतं 'संच' जास्त नेमका बसलाय, कारण त्यात साठवलेलं, गोळा केलेलं एवढंच आहे, शोभण्याचा वगैरे भाव नाही.

टेनिसचा सेट म्हणजे गेम्सचा गट, सहा गेम जिंका आणि दोनचा फरक ठेवा. शेवटच्या सेटला टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडायचा खास गेम, नव्हता तेव्हा तो कितीही लांबायचा. २०१० च्या विम्बल्डनमध्ये इस्नर आणि माहू ह्यांचा पाचवा सेट ७०-६८ झाला, सामना तीन दिवस मिळून ११ तास ५ मिनिटं चालला. एका सेटमध्ये १३८ गेम!

प्रश्न : 'सेट अप', 'सेट ऑफ', 'सेट इन' हे पाठ करायची काही युक्ती आहे का?

उत्तर : पाठ करू नका, टिकत नाही. प्रत्येकाचं एक पक्कं वाक्य लक्षात ठेवा आणि वाक्यासकट ठेवा.

'सेट इन'चं माझं वाक्य, पावसानं ठाण मांडलं. नुसतं सुरू झालं एवढं नाही, आलाय आणि आता लवकर जाणार नाही, हा भाव त्यात आहे, म्हणून तो थंडीला, आजाराच्या संसर्गाला, निराशेला लागतो, चांगल्या गोष्टींना सहसा लागत नाही. 'सेट आउट' आणि 'सेट ऑफ' दोन्ही म्हणजे निघणे, पण 'आउट'मध्ये मनात काहीतरी ठरवून निघणं येतं. 'सेट ऑफ' आणखी दोन कामं करतो, अलार्म वाजवणं, आणि एखादा रंग दुसऱ्यामुळे खुलून दिसणं, निघण्याशी ह्या दोन्हींचा काही संबंध नाही. 'सेट अप'मध्ये उभारणी आहे, भेट ठरवून देणं आहे आणि एखाद्याला डाव रचून अडकवणंही आहे, तेव्हा 'ही वॉज सेट अप' दिसलं की 'त्याची उभारणी झाली' असं लिहायच्या आधी मागचं वाक्य वाचा.

पण खरा खड्डा 'सेट असाइड'चा आहे. पैसे, वेळ, मतभेद 'सेट असाइड' केले की ते बाजूला ठेवले, इतकं साधं. कोर्टानं निकाल 'सेट असाइड' केला तर मात्र तो रद्द केला, रद्दबातल ठरवला. 'वरच्या कोर्टानं खालच्या कोर्टाचा निकाल बाजूला ठेवला' असं मी छापून आलेलं वाचलंय, आणि वाचणाऱ्याला वाटतं की तूर्त राखून ठेवलाय, नंतर बघू. एका माणसाची शिक्षा गेली की राहिली एवढा मोठा फरक आहे तो. कायद्याचं काही भाषांतर करत असाल तर हे एक वाक्य तरी भिंतीवर चिकटवून ठेवा.

प्रश्न : समानार्थी शब्दांसाठी मी ऑनलाइन थिसॉरस वापरतो, पण 'सेट'ला तिथे शंभरेक शब्द येतात आणि कुठलाही उचलला की वाक्य बिघडतं. असं का?

उत्तर : कारण थिसॉरस ज्या कामासाठी केला ते काम आपण उलट्या बाजूनं करतो. पीटर मार्क रॉजे हे मुळात डॉक्टर, १७७९ चा जन्म, त्यांचा थिसॉरस १८५२ मध्ये निघाला. त्यांनी शब्द अर्थांच्या खणांत लावले, साधारण हजार खण, अक्षरांच्या क्रमानं नाहीत. तुमच्या मनात कल्पना आहे पण शब्द सुचत नाही, तर त्या कल्पनेच्या खणात जा आणि शब्द उचला, हा त्यांचा विचार. आता आपण शब्द टाइप करतो आणि सगळ्या खणांतलं सामान एकाच ढिगात अंगावर येतं. 'ठेवणे'च्या खणातला 'प्लेस', 'घट्ट होणे'च्या खणातला 'हार्डन', 'ठरवणे'च्या खणातला 'फिक्स', तिघंही 'सेट'चे समानार्थी, पण एकमेकांचे मुळीच नाहीत. गजर 'हार्डन' होत नाही आणि सिमेंट 'प्लेस' केलं की फक्त ओतलं जातं.

आपल्याकडे अमरकोश ह्या जुन्या संस्कृत शब्दकोशानं हे फार आधी ओळखलं होतं. त्यात बहुतेक भाग विषयवार समानार्थी शब्दांचा, आणि तिसऱ्या कांडात 'नानार्थवर्ग' वेगळा काढलेला, एका शब्दाचे अनेक अर्थ सांगणारा. एका अर्थाचे अनेक शब्द आणि एका शब्दाचे अनेक अर्थ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन वेगळ्या ठिकाणी शोधायच्या असतात. तुम्ही आधी डिक्शनरीत जाऊन तुमच्या वाक्यातला 'सेट' कुठला ते ठरवा, मग थिसॉरसमध्ये त्याच खणाखालचे शब्द बघा, बाकीच्यांकडे बघूही नका. शंभरातले फार तर सहा उरतील.

प्रश्न : 'सेट'चा भूतकाळ 'सेटेड' होतो का? कुणी म्हणतं होतो.

उत्तर : नाही. सेट, सेट, सेट. 'कट', 'पुट'सारखंच.

प्रश्न : ऑनलाइन मीटिंगमध्ये अमेरिकन सहकाऱ्याला विचारलं, फाइल परत पाठवू का, तर तो 'आय अ‍ॅम ऑल सेट' म्हणाला. मी 'तयार आहे' असं समजून फाइल पाठवली तर तो जरा गोंधळला. माझं काय चुकलं?

उत्तर : शब्दार्थ तुम्ही बरोबरच लावला. 'आर यू ऑल सेट?' म्हणजे झाली का तयारी, निघायचं का, हा अर्थ सगळीकडे चालतो. पण अमेरिकेत कुणी काही देऊ केल्यावर उत्तर म्हणून 'आय अ‍ॅम ऑल सेट' आलं तर त्याचा अर्थ 'नको, आहे माझ्याकडे, झालं माझं' असा होतो, सभ्यपणे दिलेला नकार. 'नो' हा शब्द त्यात कुठेच नाही म्हणून आपण फसतो. आपलं 'असू दे' असंच नाही का? ऐकणाऱ्या परक्याला वाटेल 'असू दे' म्हणजे हवंय, आणि आपल्याला तर नको म्हणायचं असतं. तेव्हा पुढच्या वेळी तुम्ही काही विचारलंत आणि तो 'ऑल सेट' म्हणाला, तर फाइल तुमच्याकडेच राहू द्या.